आधी सही करणाऱ्याला धरा

परीक्षेचा हंगाम जवळ आला की कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभे राहावे आणि पर्यावरणाचा तयार प्रकल्प मागावा. नान्नजचे माळढोक अभयारण्य हा विषय हमखास मिळतो. पहिल्या पानावर नाव-हजेरी क्रमांक, दुसऱ्यावर ऋणनिर्देश, तिसऱ्यावर प्राध्यापकांचे प्रमाणपत्र आणि चौथ्या पानापासून चोरी! 1979 साली हे अभयारण्य झाले तेव्हा त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते. पुढे ते घटवून सुमारे 1,222 वर आणले गेले. प्रकल्पात आजही जुनाच आकडा दिसला, तर मजकूर किती हातांतून फिरून आला हे वेगळे शोधायला नको. नान्नज इथून, सोलापुरातून, हाकेच्या अंतरावर. पण एसटीत बसून तिथवर जाण्याची गरज ना लिहिणाऱ्याला वाटते, ना तपासणाऱ्याला.

या पोराला चोर म्हणून झोडपायला सगळे टपलेले असतात. आम्ही त्या टोळीत नाही. दहावी-बारावीपर्यंत गाईडातले उत्तर स्वल्पविरामासह उतरवले की पैकीच्या पैकी गुण देणारे आपणच. शिकवणीवाल्याच्या नोट्स घोकून घेणारेही आपणच. मग अठराव्या वर्षी तोच मुलगा दुसऱ्याचे लिहिणे आपले म्हणून देतो, तेव्हा आपल्याला नीतिमत्तेची उचकी लागते. तळटीप कशी द्यायची, अवतरणचिन्ह कुठे उघडायचे, एखाद्या लेखकाचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी त्याचे नाव का घ्यायचे, हे त्याला कोणत्या तासाला शिकवले? वर्गात न शिकवलेल्या गोष्टीची शिक्षा देणे हा कुठला न्याय?

खरा गुन्हा तिसऱ्या पानावर आहे. ‘हे काम विद्यार्थ्याने स्वतः केले आहे’ या वाक्याखालची सही कोणाची? पन्नास प्रकल्पांचा गठ्ठा चहा थंड व्हायच्या आत सह्या करून मोकळा करणाऱ्याची. पदवीच्या प्रकल्पापुरते हे राहिले असते तरी एक वेळ सोसले असते. पण हीच सही पुढे पीएच.डी.च्या प्रबंधावर चढते आणि तिथे तिच्यावर पगार, पदोन्नती व प्रतिष्ठा उभी राहते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून आणा. 40 ते 60 असेल तर वर्षभर प्रबंध देता येणार नाही. 60 च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. आपल्या हाताखालचे काम चौर्यमुक्त आहे असे प्रमाणपत्र मार्गदर्शकाने द्यावे, हेही त्याच नियमांत आहे. आता गंमत पाहा. प्राध्यापकाच्या स्वतःच्या लेखात चोरी सापडली तर वेतनवाढ रोखण्याची तरतूद आहे. पण विद्यार्थ्याच्या प्रबंधाला खोटे प्रमाणपत्र देणाऱ्याला काय, याचे कोष्टक नाही. नोंदणी मुलाची जाणार, गुरुजी पुढच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर सही करायला मोकळे!

आणि ते 10 टक्के! मर्यादा होती क्षुल्लक, अजाणता येणाऱ्या साम्यासाठी. आमच्या विद्वानांनी तिचा परवाना केला. ‘प्लॅग किती आला?’ हा प्रश्न आता ‘विषय काय?’ याच्याही आधी विचारला जातो. टक्केवारी उतरवून देणारे धंदेवाले निघाले. ‘महत्त्वपूर्ण’च्या जागी ‘महत्त्वाचे’, कर्तरीचे कर्मणी, वाक्याचे शेपूट तोंडाला, की झाला प्रबंध शुद्ध. मराठीत तर तेवढ्याही कष्टांची गरज नसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर यंत्राला निव्वळ अक्षरांचा कचरा दिसतो. हिंदी किंवा इंग्रजी ग्रंथातले प्रकरण मराठीत उतरवले तर शब्द जुळवत बसणारे यंत्र कशाला अडवेल? भर म्हणून चॅटजीपीटी आले. ते संदर्भसूचीसुद्धा पुरवते. त्यात कधी न छापलेली पुस्तके पृष्ठांकासह असतात. ही लबाडी माणसाच्याच नजरेला सापडते. पण त्या माणसाने प्रबंध उघडायला तर हवा.

सोलापूरकरांना हे वेगळे समजावून का सांगावे लागावे? भलत्याच गावी विणलेल्या चादरीवर ‘सोलापुरी’ शिक्का मारून कोणी ती विकली की आपले पित्त खवळते. भौगोलिक मानांकन मिळवले ते याच रागातून. मग पद्मशाली विणकराच्या मागावरचा धागा तेवढा त्याचा, आणि अभ्यासकाने दहा वर्षे खपून लिहिलेले प्रकरण मात्र बेवारस?

आणि या गावाला संदर्भशिस्तीची परंपरा नाही असेही नाही. इथल्याच जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ संपादित केला. पहिला भाग 1943 चा, दुसरा 1951 चा. हस्तलिखितांत जिथे पाठ निराळा, तिथे पानाच्या तळाशी त्याची नोंद, कोणत्या प्रतीत काय आहे त्या खुणेसह. एक अक्षर बदलले तर वाचकाला तसे कळवायचे, ही त्यांची रीत. संगणक नाही, टक्केवारी नाही, आयोगाचा धाक नाही! आजच्या किती मार्गदर्शकांनी ते खंड ग्रंथालयाच्या कपाटातून काढून चाळले असतील, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारत आहोत.

आमची मागणी सेमिनार घ्या, शपथ द्या, भिंतीवर फलक लावा अशी नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात संदर्भ देण्याचे लेखन शिकवावे आणि त्याला गुण ठेवावेत. प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत. ज्याच्या हाताखालचे दोन प्रबंध चोरीचे निघतील, त्याची मार्गदर्शक म्हणून मान्यता काढावी आणि तो निर्णय नावासह जाहीर करावा. आणि येत्या दीक्षान्त समारंभाच्या आत, गेल्या पाच वर्षांतले दहा प्रबंध चिठ्ठ्या टाकून काढावेत. संशोधकाला आणि मार्गदर्शकाला शेजारी शेजारी बसवून मार्गदर्शकालाच विचारावे : तिसऱ्या प्रकरणात काय आहे? चिठ्ठ्या पत्रकारांसमोर काढाव्यात. उत्तरे छापायला आमचे पहिले पान मोकळे आहे.