पाना फिरेल का?

१९८९ साली लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ निघालं आणि आमच्या रायगडात नारळाइतके इंजिनिअर पिकू लागले. आमचा भाचा त्यातलाच. मेकॅनिकल झाला, पण हाताला ग्रीस लागू दिलं नाही. पुण्यात बसून यंत्रांचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर लिहितो.

"मामा, हल्ली आख्खं यंत्र पडद्यावरच जोडतात. दोन भाग एकमेकांत घुसले तर कॉम्प्युटर आधीच बोंब मारतो!"

मग परवा पंप जोडताना फिटर का बोंबलला? बोल्ट होता, नट होता, फक्त पाना फिरवायला जागा नव्हती! कॉम्प्युटरचा दोष नाही हो. चित्रात पाना आणि माणसाचा हात कोणी घातलाच नव्हता. तो बिचारा तपासणार काय?

हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. आमच्या बँकेतल्या कॉम्प्युटरने रेवदंड्याच्या एका आजीला आडनाव नाही म्हणून तासभर ताटकळत ठेवलं. तो प्रोग्रॅम लिहिणारा काउंटरवर कधी बसलाच नसणार!

आमच्या किनाऱ्यावरचे जुने सुतार कागदावर रेघ न ओढता मचवा बांधत. कारण लाकूड त्यांच्या हातातलं होतं. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं: लॅपटॉप देण्याआधी या पोरांना सहा महिने फिटरच्या हाताखाली घाला.

भाचा म्हणतो, "मामा, पॅकेज बुडेल!"

बुडू दे! त्या अडचणीत हात घालून बोटं सोलून घेतो, त्या फिटरचं पॅकेज कधी कोणी विचारलंय?