चीवर आणि कॅमेरा



नाचगाणी, तमाशे भिक्खूला वर्ज्य. मग सिनेमा कसा चालतो? भूतानचे लामा ख्येन्त्से नोर्बू यांनी १९९९ साली ‘द कप’ काढला. हिमाचलातल्या बीरच्या मठातले खरेखुरे भिक्खू त्यात नट, आणि धडपड कशाची, तर १९९८च्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल पाहायला भाड्याने टीव्ही आणण्याची!

आपल्या या आयर्लंडचेच भिक्खू यू धम्मलोक यांनी १९०७ साली रंगूनमध्ये संस्था काढून पुस्तिका छापल्या. तेव्हा छापखाना हाच कॅमेरा होता.

भिक्खू परिपूर्ण माणूस की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनीच विचारला होता. विहारातल्या मूर्तीसाठी आपण आनंदाने युरो पाठवतो. उद्या गावाकडच्या एखाद्या तरुण भिक्खूने कॅमेरा मागितला, तर पाठवू का?