'अँड सन्स'च्या पाटीमागची बाई

मैत्रिणींनो, आजचा विषय पाहून काहीजणी म्हणतील, "सकाळी सकाळी हे काय अभद्र!" पण जिथे कधी मर्तिक झालं नाही, असं घर कुणाचं आहे? आणि ते झालं की सगळ्यात जास्त धावपळ कुणाची होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या 'फ्युनरल होम'ची, म्हणजे पैसे घेऊन अंत्यविधीचं सगळं करून देणाऱ्या घरांची गोष्ट आज सांगावीशी वाटते. तिथे हा धंदा पिढ्यान् पिढ्या एकाच कुटुंबात चालत आला. पाटीवर आजोबांचं नाव आणि पुढे 'अँड सन्स'. मुलींचं नाव क्वचितच.

खरं तर सुरुवातीला हे काम बायकांचंच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे माणूस घरीच जायचा. त्याला आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, रात्रभर बसायचं, हे घरच्या आणि शेजारच्या बायका करायच्या. पेटी बनवून द्यायचा तो गावातला सुतार. मग 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं. लांब रणांगणावर पडलेल्या मुलांचे देह घरी आणायचे, तर ते टिकायला हवेत. त्यासाठी शरीरात रसायनं भरायची पद्धत पसरली. 1865 मध्ये अध्यक्ष लिंकन यांचा देह असाच जपून रेल्वेने गावोगावी नेला, लाखो लोकांनी पाहिला. हळूहळू सुताराचं दुकान मागे पडलं आणि धंदा उभा राहिला. 1882 मध्ये धंदेवाल्यांची राष्ट्रीय संघटना झाली, पुढे परवाने आले. परवाने बहुतेक पुरुषांच्या नावावर निघाले.

बायका मात्र कुठेच गेल्या नव्हत्या. अनेक ठिकाणी खाली दुकान आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. मध्यरात्री वाजलेला फोन घ्यायचा, रडणाऱ्या माणसांना बसवून पाणी द्यायचं, गेलेल्या बाईचे केस विंचरायचे, हिशेब लिहायचा, हे सगळं मालकाची बायको करायची. पगार नाही, पाटीवर नाव नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कौटुंबिक दुकानाची आठवण येते ना?

या धंद्यात एका बाईच्या शब्दाने काय घडलं, ते पाहा. 1955 च्या ऑगस्टमध्ये शिकागोचा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला होता. गोऱ्या माणसांनी त्याला हाल करून मारलं आणि नदीत टाकलं. देह बंद पेटीतून परत आला, पेटी उघडायची नाही या अटीवर. त्याची आई मेमी टिल अडून बसली, मला माझा मुलगा पाहायचाय. ए. ए. रेनर यांच्या फ्युनरल होममध्ये ती पेटी उघडली गेली. चेहरा थोडा ठीक करू का, या प्रश्नाला तिने 'नको' म्हटलं. माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाने बघू दे, हा तिचा निर्णय. हजारो लोकांनी ते पाहिलं, 'जेट' मासिकात छायाचित्रं आली आणि देश हादरला. मारेकरी त्याच वर्षी निर्दोष सुटले, पण नागरी हक्कांच्या चळवळीला त्या उघड्या पेटीने बळ दिलं.

रेनर यांना तिचं ऐकता आलं, याला कारण होतं. गोऱ्यांची फ्युनरल होम्स काळ्या माणसांना एकतर घेत नसत, नाहीतर अपमानाने वागवत. म्हणून कृष्णवर्णीयांनी आपली उभी केली. त्यांचं पोट आपल्याच वस्तीवर चालायचं. ज्यांच्यात राहायचं, त्यांना तोंड दाखवायला हवं, ही घरच्या धंद्याची खरी ताकद.

पण घरचा धंदा म्हणजे सगळं सोज्वळ, असंही नाही हं! कॅलिफोर्नियातल्या एका वकिलाच्या लक्षात आलं, की कामगार गेल्यावर संघटनेकडून विधवेला मिळणारी रक्कम अंत्यविधीच्या बिलातच संपते. त्याची बायको जेसिका मिटफर्ड. तिने खोदून माहिती काढली आणि 1963 मध्ये पुस्तक लिहून महागड्या पेट्या आणि नको ते खर्च गळ्यात मारण्याचे प्रकार चव्हाट्यावर आणले. 1984 मध्ये तिथे नियम लागू झाला: प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर लेखी द्यायचा, फोनवर विचारला तरी सांगायचा. दुःखात असलेल्या माणसालाही 'किती पैसे?' असं विचारायचा हक्क आहे, हे कायद्याने मान्य केलं.

त्याच काळात मोठ्या कंपन्याही आल्या. घरचं फ्युनरल होम असलेल्या रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी 1962 मध्ये ह्यूस्टनला कंपनी काढली आणि पुढे अशी शेकडो घरं विकत घेतली. गंमत म्हणजे पाट्या बऱ्याचदा जुन्याच राहिल्या, कारण लोकांचा विश्वास नावावर असतो! आणि आता तिथे या विषयाचं शिक्षण घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुली आहेत. म्हणजे काम फिरून बायकांच्या हाती येतंय, यावेळी परवान्यासकट.

आपल्याकडेही मोठ्या शहरांत अंत्यविधीची सगळी व्यवस्था पैसे घेऊन करणारे आले आहेत. उद्या तालुक्याच्या गावीही येतील. येऊ देत, एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना त्यांची गरज आहे. पण ठरवणार कोण? आपल्यात गेलेल्या बाईला आंघोळ बायकाच घालतात, नवी साडी नेसवतात, कुंकू लावतात. मग खर्चाचं आणि विधीचं बोलणं निघालं की त्यांना आत का पाठवायचं? 1890 मध्ये पुण्यात जोतीराव गेले, तेव्हा सावित्रीबाई टिटवं हातात धरून पुढे चालल्या. तिथून इतक्या वर्षांनी आपण निदान बोलायला तरी बसू!

आपल्यामागे काय करावं, काय करू नये, कुठल्या खर्चाला हात घालू नये, हे धडधाकट असतानाच घरात सांगून ठेवा, कागदावर लिहून ठेवा. तो कागद कुठल्या डब्यात आहे, ते मुलाला सांगाल तसं मुलीला आणि सुनेलाही सांगा. ऐन वेळी खालच्या आवाजात का होईना, 'याचे किती?' असं विचारायला लाजू नका. गेलेल्या माणसावरची माया त्याने कमी होत नाही.