वर्ग आणि चव्हाटा

इ. स. १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात भारतातील पहिला छापखाना उभा राहिला. मुळात तो ॲबिसिनियाकडे जावयाचा होता. दैवयोगाने गोव्यातच राहिला. कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वादसभेत मांडावयाचे तत्त्वज्ञानविषयक सिद्धांत त्यावर आरंभीच छापले गेले. पुढे १६१६ साली ख्रिस्तपुराणासारखा मराठी ओवीबद्ध ग्रंथही याच भूमीत, रोमन लिपीत का होईना, छापून निघाला. परंतु १७५४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी गोव्यातील मुद्रणास मनाई केली आणि ज्या भूमीने देशाला छापखाना दाखविला, ती १८२१ पर्यंत, म्हणजे ६७ वर्षे, स्वतःच छापील अक्षराला पारखी झाली. गोमंतकाचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी साक्षेपाने नोंदविलेला हा इतिहास आज आठवण्याचे कारण असे की, ज्ञानक्षेत्रात नवे साधन आले की त्याला एक तर डोक्यावर घेऊन नाचावे, नाही तर त्याच्या तोंडाला कुलूप घालावे, याहून तिसरा मार्ग आपल्याला सहसा सुचत नाही. समाजमाध्यमे व उच्च शिक्षण यांविषयी जी चर्चा प्राध्यापकांच्या आणि पालकांच्या तोंडून ऐकू येते, तीही याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात आहे.

पहिला गैरसमज असा की, समाजमाध्यम ही विद्यामंदिरात बाहेरून घुसलेली चैन आहे; तिला दाराबाहेर घालविले की विद्या आपोआप आत येईल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. फेसबुकचा जन्मच २००४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या वसतिगृहात झाला. आरंभी ते केवळ विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपुरते मर्यादित होते आणि २००६ साली सर्वांना खुले झाले. शिवाय निव्वळ बंदीचा उपाय न्यायासनासमोर टिकत नाही, हेही दिसून आले आहे. केरळातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मोबाईल वापरण्यास मनाई होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली, आणि २०१९ साली न्यायालयाने तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश देताना इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा निर्वाळा दिला. अभ्यासाच्या वेळी मन विचलित होते ही पालकांची तक्रार खोटी नाही. पण साप म्हणून भुई धोपटल्याने साप मरत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलट टोकाचा. आजची मुले हे यंत्र हातात घेऊनच वाढली, तेव्हा त्यांना त्यातले काय शिकवावयाचे, असे म्हणून अनेक प्राध्यापक हात झटकतात. बोट सराईतपणे फिरणे वेगळे आणि विवेकाने वाचणे वेगळे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपरीक्षक आणि त्याच विद्यापीठाचे २५ विद्यार्थी यांना संकेतस्थळांची विश्वसनीयता तपासावयास सांगितले होते. रुबाबदार बोधचिन्ह आणि भारदस्त नाव पाहून विद्यार्थी फसलेच, पण पीएच. डी. मिळविलेले इतिहासकारही पुष्कळदा फसले. तथ्यपरीक्षक मात्र त्या पानावर रेंगाळले नाहीत. ते तत्काळ बाहेर पडून इतरत्र त्या संस्थेविषयी काय म्हटले आहे हे पाहत आणि थोडक्या वेळात योग्य निर्णयाला येत. यातून दोन धडे मिळतात. पारख ही वयाबरोबर किंवा पदवीबरोबर येत नाही. आणि ती शिकविता येते, कारण तिची एक निश्चित रीत आहे. ती आपल्या अभ्यासक्रमात किती ठिकाणी शिकविली जाते, याचा प्रत्येक महाविद्यालयाने प्रामाणिकपणे हिशेब करावा.

तिसरा गैरसमज शिक्षकांना विशेष प्रिय आहे, कारण तो सोयीचा आहे. व्हॉट्सॲपवर वर्गाचा गट काढला, त्यावर टिपणे धाडली, की अध्यापन आधुनिक झाले! टिपण पोहोचणे आणि ज्ञान पोहोचणे यांतील अंतर पूर्वीही होते. चक्रमुद्रित टिपणांच्या काळात ते जेवढे होते तेवढेच आजही आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? याच साधनांचा कसदार उपयोग होऊ शकतो, याचे उदाहरण मात्र आपल्या घरातच आहे. गोवा विद्यापीठाने आपला कोंकणी विश्वकोश २०१३ साली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला, त्यातील मजकूर संगणकावर आणण्याच्या कामात विद्यार्थ्यांचे हात लागले आणि २०१५ साली कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला. तेथे विद्यार्थी निव्वळ ग्राहक राहिला नाही. लिहिणे, तपासणे, दुसऱ्याने केलेली दुरुस्ती मानणे ही विद्येची अंगे त्याला प्रत्यक्ष हाताळावी लागली. मराठी विकिपीडिया तर २००३ सालापासून आहे. आपल्या मराठी विभागांनी गोव्याच्या लेखकांविषयी, देवस्थानांविषयी, नाट्यपरंपरेविषयी तेथे साधार लेखन करवून घेण्याचे मनावर घेतले, तर ते शंभर अग्रेषित संदेशांहून मोलाचे ठरेल.

चौथा गैरसमज समतेचा. माध्यम सर्वांना खुले आहे, म्हणून संधीही सर्वांना सारखी आहे, असे आपण गृहीत धरतो. २०२०च्या टाळेबंदीत सांगे आणि सत्तरीच्या डोंगराळ भागातील मुलांना रेंज मिळावी म्हणून टेकडी चढावी लागे, हे गोमंतक इतक्या लवकर विसरला काय? ज्या घरात एकच फोन आहे आणि तो घेऊन बाप कामावर जातो, त्या घरातील मुलीला परीक्षेच्या अर्जाची मुदत केवळ गटावरील संदेशातून कळवावयाची, आणि ती चुकली तर दंड तिच्याकडूनच वसूल करावयाचा, हा न्याय नव्हे. सूचनाफलकावर चार ओळी टाचण्याचे कष्ट वाचविण्यासाठी एखाद्या विद्यार्थिनीचे वर्ष पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही.

परंतु या सर्वांहून घातक असा पाचवा गैरसमज आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. समाजमाध्यमावरील गट म्हणजे वर्गच, असे आपण समजू लागलो आहोत. वर्ग आणि चव्हाटा यांत एक मूलभूत भेद आहे. वर्गाला चार भिंती असतात त्या केवळ पाऊस अडविण्यासाठी नव्हेत. तेथे एखादा अठरा वर्षांचा मुलगा अर्धवट विचार बोलून दाखवू शकतो, चुकू शकतो, शिक्षकाशी वाद घालू शकतो आणि पुढील आठवड्यात आपले मत बदलूही शकतो. त्याचे कालचे अज्ञान उद्या त्याच्या आड येत नाही, म्हणून तर तो शिकू शकतो. चव्हाट्यावर बोललेला शब्द मात्र चारचौघांच्या मालकीचा होतो. आणि या नव्या चव्हाट्यावर तो टिपून ठेवला जातो, मागचापुढचा संदर्भ गाळून गावभर फिरविला जातो आणि वर्षानंतर नोकरीच्या मुलाखतीतही डोके वर काढू शकतो. गटात सामील करताना मुलींचे दूरध्वनी क्रमांक साऱ्या वर्गासमोर उघडे पडतात, त्याची तर कोणी दखलही घेत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा संमत केला; पण विद्यार्थ्याचा क्रमांक ही त्याची ठेव आहे, ही जाणीव आपल्या कार्यालयांत अजून रुजलेली नाही.

मग करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीने व विनाखर्च करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक अधिकृत सूचना फलकावर व महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर लागलीच पाहिजे. गटावरील संदेश ही तिची प्रत असावी, मूळ नव्हे. व्यावसायिक माध्यमावर खाते उघडण्याची सक्ती, आणि त्यावर लिहिण्यासाठी गुण, कोणत्याही विद्यार्थ्याच्या गळ्यात बांधू नयेत. संमतीवाचून कोणाचा क्रमांक वा छायाचित्र प्रसृत करू नये. आणि माहितीची पारख करण्याची रीत पहिल्याच वर्षी, शाखा कोणतीही असो, हाती धरून शिकवावी. शिक्षक स्वतः हे शिकलेले नसतील, तर त्यांनीही विद्यार्थ्यांच्या बाकावर बसण्यात कमीपणा मानू नये.

साधनांना दोष देणे सोपे आहे, त्यांची आरती ओवाळणे त्याहून सोपे. सेंट पॉल कॉलेजातील त्या छापखान्याने कोणाला विद्वान केले नाही. जे वाद घालावयास सिद्ध होते त्यांचे सिद्धांत त्याने छापून दिले, एवढेच. आपल्या महाविद्यालयांतून वाद घालण्यास सिद्ध असलेली, चुकण्यास न भिणारी मुले बाहेर पडावीत अशी इच्छा असेल, तर त्यांना चव्हाट्यावर कसे वावरावे हे अवश्य शिकवा. पण त्यांचा वर्ग मात्र शाबूत ठेवा.