दोन डोंगर आणि एक सूर्य

वाचकहो, आपल्या घरातील लहान मुलाची चित्रकलेची वही आपण अलीकडे केव्हा उघडून पाहिली होती? बरेच दिवसांत पाहिली नसेल, तर हे पान क्षणभर बाजूस ठेवून आधी ती पाहून या. माझा अंदाज असा की, तिच्यात कोठेतरी दोन डोंगर असतील. त्यांच्या बेचक्यातून उगवणारा किरणांचा सूर्य असेल, डोंगरातून निघून पायथ्याशी रुंद होत जाणारी नदी असेल. काठावर उतरत्या छपराचे एक घर, घराशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात चार पक्षी असतील. हे चित्र रत्नागिरीकडच्या मुलाने काढले असल्यास त्यात नवल नाही. डोंगर, नदी, कौले आणि माड त्याला अंगणातूनच दिसतात. परंतु आम्ही राहतो दिल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या खिडकीतून दिसतात त्या समोरच्या गच्चीवरील पाण्याच्या काळ्या टाक्या, तारांवर ओळीने बसलेली कबुतरे आणि खालच्या बागेतील एक झोपाळा. नारळ आमच्याकडे झाडावर नव्हे, शहाळेवाल्याच्या हातगाडीवर असतो. तरीही आमच्या नऊ वर्षांच्या कन्येच्या वहीत हेच चित्र होते, आणि तेही सात वेळा.

ते आले कोठून, याचा शोध घेण्यास फार लांब जावे लागले नाही. पुष्कळ शाळांतून चित्रकलेच्या तासाला फळ्यावर एक चित्र निघते व मुलांनी ते उतरून घ्यावयाचे असते. वर्गात चाळीस मुले आणि तास पस्तीस मिनिटांचा, अशा स्थितीत शिक्षकांनी दुसरे काय करावे, हाही प्रश्नच आहे. शिवाय मी तरी कोणत्या तोंडाने त्यांस नावे ठेवू? कन्या चार वर्षांची असताना तिने एक हत्ती काढला होता. त्याला पाच पाय होते आणि सोंड पाठीतून निघाली होती. मी प्रेमाने तिच्या हातातील पेन्सिल घेतली आणि शेजारी एक 'बरोबर' हत्ती काढून दाखविला. त्या दिवसापासून तिने स्वतःचा हत्ती कधी काढला नाही. "बाबा, हत्ती काढून दे," एवढेच ती म्हणे, आणि मला त्यात माझा गौरव वाटे.

तिच्या वर्गाची सहल राष्ट्रीय बालभवनात चित्रे रंगविण्यासाठी जाणार, असे पत्र शाळेकडून आले ते ऑक्टोबरात. दिवस ठरला होता नोव्हेंबरातील, बालदिनाच्या आठवड्यातला. परंतु दिल्लीच्या नोव्हेंबराची गोष्ट आपणांपैकी अनेकांनी वर्तमानपत्रांतून वाचली असेल. वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत कोंडून राहते, वाहनांचा, कारखान्यांचा व शेतांत जाळलेल्या धसकटांचा धूर तिच्यात साठत जातो, आणि शहरावर जणू मळकट गोधडी पांघरली जाते. त्या धुरक्यापायी शाळाच बंद ठेवाव्या लागल्या. सहल पुढे गेली ती थेट फेब्रुवारीच्या अखेरीस. बरोबर दोन पालक हवे होते. कार्यालयातून एक दिवसाची रजा काढून मी त्यांतला एक झालो.

बालभवन हे दिल्लीत कोटला मार्गावर आहे. पंडित नेहरूंच्या प्रेरणेने 1956 साली त्याची स्थापना झाली. शाळेच्या अभ्यासक्रमात ज्यांना पुरेशी जागा मिळत नाही अशा गोष्टी, म्हणजे चित्रे, मातीकाम, नृत्य, नाट्य, विज्ञानाचे खेळ, मुलांना परीक्षेच्या धाकावाचून करता याव्यात, हा त्यामागील हेतू. पुढे त्याच धर्तीवर अनेक राज्यांत बालभवने निघाली. तेथील छोटी आगगाडी तर दिल्लीत वाढलेल्या कित्येक आजोबांच्याही आठवणीत आहे. तेथून जवळच, बहादुरशाह जफर मार्गावर, व्यंगचित्रकार शंकर यांनी 1957 साली सुरू केलेल्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टचे घर आहे. शंकर यांनीच 1949 साली मुलांच्या चित्रांची स्पर्धा सुरू केली आणि ती पुढे जगभरच्या मुलांची झाली. मुलांचे चित्र ही मोठ्यांनी गंभीरपणे पाहण्याची वस्तू आहे, ही गोष्ट त्या स्पर्धेने या देशातील असंख्य घरांत पोहोचविली, हे तिचे मोठेच श्रेय. स्पर्धा म्हटली की बक्षीस आले, आणि बक्षीस आले की आईबापांचा उत्साह मुलांच्या उत्साहाच्या पुढे धावू लागतो, हा दोष मात्र स्पर्धांचा नव्हे, आपला.

बसमधून उतरलो तेव्हा सावरीची मोठाली लाल फुले जमिनीवर पडली होती. मुलांनी ती वेचून खिशांत कोंबली. घरून आणलेले वडिलांचे जुने सदरे मुलांनी उलटे, म्हणजे बटणे पाठीकडे करून, चढविले. सत्तरेचाळीस नव्हे, बरोबर बेचाळीस मुले त्या ढगळ सदऱ्यांत अशी दिसत होती की जणू एखाद्या कचेरीतील कारकूनच आखडून लहान झाले असावेत.

शिकविणाऱ्या बाईंनी, मुले त्यांना 'दीदी' म्हणत, प्रथम एक पत्र्याचा डबा फिरविला आणि सर्वांच्या पेन्सिली, पट्ट्या व खोडरबरे त्यात गोळा केली. काही मुलांचे चेहरे लगेच उतरले. नंतर जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर मोठाले कागद आले, जाड कुंचले आले आणि वाट्यांतून रंग आले. रंग पाचच. तांबडा, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा.

"दीदी, हिरवा?"

"हिरवा नाही."

एकच गिल्ला झाला. हिरव्यावाचून झाड कसे काढायचे? दीदी हसल्या आणि म्हणाल्या, "शोधा. येथेच कोठेतरी लपला आहे." पाच मिनिटांत कोणा एकाला तो पिवळ्यानिळ्याच्या वाटीत सापडला आणि मग सर्वांनाच सापडू लागला. गंमत अशी की, बेचाळिसांपैकी कोणा दोघांचाही हिरवा सारखा नव्हता. कोणाचा कोवळ्या वाटाण्यासारखा, तर कोणाचा शेवाळासारखा. दुकानातून आणलेल्या बाटलीत हिरवा एकच असतो.

हे सारे नवे आहे असे नाही. व्हिएन्ना शहरात फ्रांत्स चिझेक नावाच्या एका तरुण चित्रकाराच्या खिडकीसमोर लाकडी फळ्यांचे कुंपण होते आणि गल्लीतील मुले त्यावर चित्रे काढीत. ती पाहता पाहता त्याच्या लक्षात आले की, ही मुले मोठ्यांचे वाईट अनुकरण करीत नसून त्यांची स्वतःची एक रीत आहे. 1897 साली त्याने मुलांसाठी वर्ग उघडला आणि त्यात मोठ्यांची चित्रे उतरवून घेण्यास फाटा दिला. त्याच व्हिएन्नातून पुढे अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या वयानुसार मांडल्या. प्रथम नुसत्या रेघोट्या, मग डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस, मग तळाशी जमिनीची रेघ आणि माथ्यावर आकाशाचा पट्टा. नवव्या-दहाव्या वर्षी मुलाला आपले चित्र 'खऱ्यासारखे' नाही असे प्रथमच जाणवू लागते, आणि नेमक्या याच वयात पुष्कळ मुले कुंचला खाली ठेवतात ती कायमची. आधीच छापलेल्या आकृतीत रंग भरावयाची पुस्तके मुलाचा स्वतःवरील विश्वास घालवितात, असे लोवेनफेल्ड यांचे आग्रहाचे मत होते. वाढदिवसाला अशी पुस्तके भेट देणाऱ्यांत मीही आहे.

आपल्याकडे हे काम महाराष्ट्राच्याच भूमीवर झाले. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 साली वर्ध्याजवळील सेवाग्रामात नई तालीमचे कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत त्यांनी तेथे खेड्यातील मुलांना चित्रे काढू दिली. 'शिकविली' असे न म्हणता 'काढू दिली' असे मी जाणूनबुजून लिहितो. त्या अनुभवावर त्यांनी हिंदीत पुस्तकही लिहिले. पुढे कुंभारकामात रमलेले हे देवीप्रसाद आयुष्याच्या अखेरच्या काळात दिल्लीतच होते आणि 2011 साली निवर्तले. सरावाला, मोजून-मापून रेखाटण्याला काहीच किंमत नाही असा याचा अर्थ कोणी करू नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या आपल्या परीक्षांनी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना वस्तूकडे नीट पाहावयास लावले आहे. प्रश्न एवढाच की, मुलाच्या मनात काय आहे हे पाहण्याआधीच आपण त्याचा हात धरावयाचा काय?

आता कन्येकडे वळतो. इतर मुले कोपरांपर्यंत रंगली तरी तिचा कागद कोराच होता. खोडरबराचा डबा कोणत्या कपाटावर ठेवला आहे, तिकडेच तिचे डोळे. मी दुरून खुणेने डोंगर सुचवीत होतो, हे कबूल करावयास हवे. दीदी तिच्याजवळ बसल्या आणि त्यांनी विचारले, "तुझ्या घरच्या खिडकीतून काय दिसते?" एवढेच विचारून त्या दुसरीकडे निघून गेल्या.

थोड्या वेळाने तिने काळा आणि पांढरा रंग एकत्र केला, त्यात थोडा पिवळा घातला आणि त्या राखेसारख्या मळकट रंगाने सबंध कागदाचा वरचा अर्धा भाग भरून टाकला. मला राहवेना. मी पुढे झालो आणि म्हणालो, "अगं, आकाश निळे असते. निळ्याची वाटी ही इकडे आहे."

दीदींनी माझ्याकडे पाहिले आणि अतिशय नम्रपणे म्हटले, "साहेब, तेवढे कुंचले धुऊन आणता का?"

मी कुंचले धुण्यास गेलो. नळाखाली त्यांतून निरनिराळे रंग वाहून जात असता मला माझ्या व्यवसायाची आठवण झाली. मी अनुवादक आहे. मूळ लेखकाने आकाश राखी म्हटले असता मी जर 'निळेशार' असे लिहिले, तर आमचे संपादक माझे पान परत पाठवतील, आणि ते योग्यच होईल. दहा वर्षे दुसऱ्यांच्या शब्दांशी इमानाने वागलो. घरच्या लेखिकेचे मात्र प्रत्येक वाक्य दुरुस्त करीत आलो.

परत आलो तो चित्र पुरे होत आले होते. राखी आकाशात एक फिकट वाटोळा सूर्य होता, त्याला एकही किरण नव्हता. खाली झोपाळा होता, त्यावर कोणी नव्हते. एका बाजूस खिडकी, आणि खिडकीत एक मुलगी. मुलीला डोळे होते, दोन वेण्या होत्या, पण नाकातोंडाच्या जागी नुसता एक पांढरा त्रिकोण. तिच्या शेजारी एक माणूस होता. तो खिडकीहून उंच होता आणि त्याचा हात तर त्याच्या अंगाएवढा लांब. 'तोंड काढायचे राहिले, आणि हात केवढा मोठा झाला!' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते गिळून मी, दीदींना बोलताना ऐकले होते तसेच, म्हणालो, "मला याच्याविषयी सांग ना."

"ते नोव्हेंबर आहे, बाबा," ती म्हणाली. "शाळा बंद होती ना, तेव्हाचे. खेळायला कोणीच खाली येत नव्हते. आणि ही मी. हा वाफेचा मास्क आहे. तो लावला की बोलता येत नाही ना, म्हणून तोंड नाही."

त्या नोव्हेंबरात तिचा खोकला छातीत उतरला होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नेब्युलायझरने दिवसातून तीन वेळा औषधाची वाफ द्यावी लागे, रात्री उठूनही. आम्ही विचारीत असू, "भीती वाटते का गं?" आणि ती मानेने नाही म्हणे. बरी झाल्यावर आम्ही तो विषय विसरून गेलो. ती मात्र विसरली नव्हती, हे मला त्या राखी आकाशाखाली उभे राहून कळले.

"आणि हा हात?" मी विचारले.

"तू मास्क धरून बसायचास ना. मला झोप लागली तरी."

यानंतर मी काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. मी पुन्हा कुंचले धुण्यास गेलो, एवढे सांगतो. ते या वेळी कोणी सांगितलेले नव्हते.

आपणांपैकी ज्यांच्या गावी बालभवन नाही त्यांनी हळहळू नये. पाच वाट्या, पोस्टर रंगाच्या पाच बाटल्या, दोन जाड कुंचले, एक जुना सदरा आणि रविवारची एक सकाळ, एवढ्यावर काम भागते. पाठकोऱ्या कागदांनाही मुले नाक मुरडीत नाहीत. फरशीवर डाग पडतील, ते ओल्या फडक्याने निघतात. 'हे काय काढले आहेस?' असा प्रश्न मात्र टाळावा. तो ऐकला की मुलाला आपले चित्र ओळखू येत नाही असे वाटते, आणि पुढच्या वेळी ते मुकाट्याने दोन डोंगर काढून देते.

परतीच्या बसमध्ये चित्रे ओलीच होती. मुलांनी ती मांडीवर आडवी धरली होती, आणि दिल्लीच्या रस्त्यांवरील प्रत्येक गतिरोधकासरशी बेचाळीस तोंडांतून एकदम आरोळी उठे. एका हिसक्याने माझा अंगठा कन्येच्या आकाशावर उमटला. मी दचकलो. तिने तो ठसा निरखून पाहिला आणि "असू दे, कबुतर झाले," म्हणून कागद सरळ केला.

घरी पोहोचल्यावर तिच्या आजीने चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिले. मग तिने विचारले, "अगं, सूर्याला किरणे कशी नाहीत?"

"नोव्हेंबरचा आहे, आजी," असे म्हणून ती हात धुण्यास निघून गेली.