दान त्यांचे, देह आदिवासी मुलींचे

धनिकांच्या दानधर्माची तऱ्हा आता बदलली आहे. पूर्वीचा शेठ धर्मशाळा बांधी, अन्नछत्र घाली आणि दारावर आपल्या नावाची फरशी बसवून समाधान मानी. आजचा अब्जाधीश तेवढ्यावर थांबत नाही. तो संशोधनाला पैसा पुरवतो, कोणता प्रश्न संशोधनास योग्य हे ठरवतो, निष्कर्ष सरकारपुढे ठेवतो आणि त्यातून देशाचे धोरण घडावे अशी अपेक्षा धरतो. ते धोरण ज्यांच्यावर लागू व्हायचे, त्या मुलांना आणि दुर्बल समूहांना मात्र कोणी विचारीत नाही. २००९ साली खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत जे घडले, ते याचे बोलके उदाहरण होय.

त्या वर्षी जुलैमध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आज तेलंगणात असलेल्या खम्मम भागात आणि ऑगस्टमध्ये गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस टोचण्यास प्रारंभ झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला हा विषाणू कारणीभूत होतो. प्रकल्प चालवणारी 'पाथ' ही संस्था अमेरिकेतील; पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाचा; लसी मर्क आणि ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी फुकट दिलेल्या; आणि साथ भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची व दोन्ही राज्य सरकारांची. खम्मममध्ये सुमारे १४ हजार आणि वडोदऱ्यात सुमारे १० हजार मुली या प्रकल्पात ओढल्या गेल्या. भद्राचलम परिसरातील अनेक मुली आदिवासी कुटुंबांतील, आईबापांपासून दूर वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या होत्या.

संमती कोणाची?

अल्पवयीन मुलीवर असा प्रयोग करायचा, तर तिच्या आईबापांना त्यांच्या भाषेत सर्व समजावून त्यांची संमती घेणे बंधनकारक आहे. येथे काय झाले? आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर केवळ अंगठे होते. ज्या अधीक्षकाची नोकरी सरकारच्या मर्जीवर, तो सरकारच्याच प्रकल्पाला नकार देणार कसा? आणि ज्या बापाला कागद वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याला 'माहितीपूर्ण संमती' म्हणणे ही गरिबाची क्रूर थट्टाच नव्हे काय?

प्रकल्पाच्या काळात सात मुलींचा मृत्यू झाला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचा निष्कर्ष सरकारी चौकशी समितीने काढला. तो निष्कर्ष मान्य केला, तरी मूळ आक्षेप तसूभरही कमी होत नाही. लस टोचल्यानंतर काही दुष्परिणाम झाला, तर त्याची नोंद करणारी आणि मुलीला तातडीने उपचार देणारी पुरेशी यंत्रणा या प्रकल्पात नव्हती. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते यांनी भद्राचलमला जाऊन खरी परिस्थिती उघड केली, तेव्हा कोठे एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने प्रकल्प थांबवला.

'पाथ'चा बचाव असा की, ही वैद्यकीय चाचणी नव्हतीच. तो केवळ 'प्रात्यक्षिक प्रकल्प' होता. शब्दांची ही कसरत निरागस नाही. चाचणी म्हटले की तिचे नियम आणि नुकसानभरपाईची जबाबदारी आली. नाव बदलले की जबाबदारीही टाळता येते. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने, जिच्यात सर्व प्रमुख पक्षांचे खासदार होते, ३० ऑगस्ट २०१३ रोजी मांडलेल्या ७२ व्या अहवालात हा बचाव फेटाळला. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात लसीचा शिरकाव करून घेऊन उत्पादक कंपन्यांचे व्यापारी हित साधणे हाच प्रकल्पाचा हेतू होता, असे समितीने स्पष्ट म्हटले आणि वैद्यकीय संशोधन परिषदेच्या भूमिकेवरही ताशेरे ओढले. 'पाथ'ने आरोप नाकारले. परंतु एक गोष्ट कोणी नाकारू शकत नाही. सरकारने ती लस कार्यक्रमात घेतली असती, तर दरवर्षी कोट्यवधी मात्रांची हुकमी बाजारपेठ कंपन्यांच्या हाती आली असती. फुकटच्या मात्रा म्हणजे या बाजारपेठेचे बयाणे होते.

विज्ञानविरोधाचा कांगावा

असा प्रश्न विचारणारा विज्ञानाचा शत्रू, असा कांगावा लगेच केला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने या देशात कष्टकरी स्त्रियाच अधिक मरतात, आणि लस त्यावर उपयोगी आहे, यात वाद नाही. परंतु विज्ञान म्हणजे शंका घेण्याचा अधिकार. त्या काळी तीन मात्रा आवश्यक मानल्या जात; २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही पुरेशी ठरू शकते असे मान्य केले. म्हणजे ज्ञान बदलते. म्हणूनच ज्ञानाचा प्रयोग ज्यांच्या देहावर होतो, त्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क हवा.

याच काळातील दुसरी घटना विसरता येणार नाही. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तीन सरकारी लसनिर्मिती संस्थांचे परवाने स्थगित झाले. वर्षानुवर्षे देशातील बालकांना स्वस्त लस पुरवणारे हे कारखाने उत्पादनाचे निकष पुरे करीत नाहीत, असे कारण दिले गेले. निकष पुरे करण्यासाठी पैसा देणे सरकारचे काम होते. ते न करता कुलूप लावले. २०१० साली परवाने परत मिळाले, परंतु मधल्या काळात बाजार खाजगी कंपन्यांच्या हाती गेला. सार्वजनिक यंत्रणा अशी खिळखिळी करायची आणि मग रिकाम्या जागी दात्याला पायघड्या घालायच्या, हीच राज्यकर्त्यांची नीती. लसीकरणावर केंद्राला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ गटाचे कार्यालयीन कामकाजही गेट्स प्रतिष्ठानाच्या पैशावर चालणाऱ्या कक्षाकडे होते. २०१७ साली सरकारला हा खर्च स्वतः उचलण्याचा निर्णय घ्यावा लागला.

मतपेटीतून निवडून आलेला मंत्री निदान पाच वर्षांनी जनतेपुढे उभा राहतो. सिअ‍ॅटलच्या प्रतिष्ठानाला खम्ममच्या आईपुढे कधीच उभे राहावे लागत नाही. म्हणून मागणी दयेची नाही, हक्काची आहे. बालकांच्या आरोग्यावरील संशोधनाचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा. सरकारी लसनिर्मिती पूर्ण क्षमतेने चालावी. परदेशी पैशाने चालणारा प्रत्येक प्रकल्प, त्याचे करार आणि संमतिपत्रे ग्रामसभेपुढे व संसदेपुढे उघडी व्हावीत. वसतिगृहातल्या मुलीच्या वतीने सही करण्याचा अधिकार तिच्या आईबापांचा आहे. तो कोणत्याही दात्याला, कितीही मोठ्या रकमेला विकत घेता येऊ नये.