मूळ कागदाशिवाय एम. ए. नको

चौथ्या सत्राच्या संशोधन प्रकल्पांची मुदत जवळ आली आणि तक्रारींची पत्रे यंदाही येऊ लागली. त्यातले एक पत्र देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्द तहसिलीतून आले आहे. लिहिणारे वाचक इतिहासाचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या घरी मोडी कागदांची पेटी आहे. जमाबंदीचे कागद, काही सनदांच्या नकला, देण्याघेण्याचे हिशेब. याच कागदांवर एम. ए.चा प्रकल्प करायचे मुलाने ठरवले. विषय मंजूर करणाऱ्या समितीने अर्ज परत पाठवला. शेरा असा: साधने अधिकृत नाहीत, मान्यताप्राप्त अभिलेखागारातील साधनांची क्रमांकासह यादी जोडावी. मुलगा अभिलेखागारात गेला, तर तिथे मंजूर विषयाचा उल्लेख असलेले शिफारसपत्र मागितले. विषय मंजूर नाही म्हणून पत्र नाही, पत्र नाही म्हणून दफ्तर पाहता येत नाही, दफ्तर पाहिले नाही म्हणून यादी नाही, आणि यादी नाही म्हणून विषय मंजूर नाही. निम्मे सत्र या फेऱ्यात गेले. शेवटी त्याने संस्थानी काळातल्या समाजसुधारणांवरचा एक ठोकळेबाज विषय घेतला, छापील पुस्तकांवरून पाने भरली आणि साम्य अहवाल जोडून प्रत बांधून दिली. तो उत्तीर्ण होईल, त्याला पदवीही मिळेल. घरच्या पेटीतला एकही कागद मात्र त्याला वाचता येत नाही.

विद्यापीठ कोणते, याला इथे महत्त्व नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांची पत्रेही थोड्याफार फरकाने हेच सांगतात. म्हणून या अंकात एकाच प्रश्नावर बोलायचे आहे. इतिहासाची एम. ए. पूर्ण करायला आपण विद्यार्थ्याकडून नेमके काय मागतो?

कागदावर बरेच मागतो. महाराष्ट्रात २०२३च्या शासन निर्णयांनंतर दोन वर्षांचे ८८ श्रेयांक ठरले. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४, दुसऱ्यात ओजेटी (प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण) किंवा क्षेत्र प्रकल्पाचे ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा दिला, त्यानेही दुसऱ्या वर्षी केवळ अध्यापन, अध्यापन आणि संशोधन, किंवा केवळ संशोधन अशा तिन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. म्हणजे संशोधनाला जागा नाही ही जुनी सबब आता चालणार नाही. महाराष्ट्रात पद्धती, क्षेत्रकार्य आणि प्रकल्प मिळून १८ श्रेयांक आपल्या हातात आहेत. त्यांत विद्यार्थ्याने एक तरी मूळ कागद वाचला पाहिजे, अशी अट आपल्यातल्या किती विभागांनी घातली आहे? काही ठिकाणी मोडी ऐच्छिक म्हणून आहे, काही ठिकाणी प्रमाणपत्र वर्ग म्हणून. पदवीची अट म्हणून ती जवळपास कुठेच नाही.

आता 'अधिकृत साधने' या शेऱ्याकडे वळू. ही अट लिहिणाऱ्याने मराठ्यांच्या इतिहासलेखनाचा इतिहास वाचलेला नाही. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला तो वाईस मिळालेल्या खासगी कागदांवर. वासुदेवशास्त्री खरे यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' पटवर्धनांच्या घरच्या दफ्तरांतून उभा राहिला. पारसनिसांनी मेणवलीचे दफ्तर उजेडात आणले, तेही नाना फडणिसांच्या वाड्यातले. यांपैकी एकालाही आजच्या समितीपुढे विषय मंजूर करून घेता आला नसता. घरचे कागद आधी कोणीतरी वाचतो, त्यांची यादी करतो, बाळबोध प्रत काढतो, आणि तेव्हा ते अभ्यासकांच्या हाती साधन म्हणून येतात. हेच काम एम. ए.च्या विद्यार्थ्याला द्यायला हवे, आणि ते त्याला करूच न देणारा नियम आपण करून ठेवला आहे.

टोंकखुर्दच्या परिसरात तर या कामाची निकड जास्त आहे. देवास जिल्हा म्हणजे एका राज्याचा सरळ वारसा नाही. पवारांच्या देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती, ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडचे सोनकच्छ, होळकरांकडचे कन्नौद आणि खातेगाव, असे वेगवेगळ्या दरबारांचे तुकडे जोडून स्वातंत्र्यानंतर हा जिल्हा झाला. दोन शेजारच्या गावांचे जुने कागद दोन वेगळ्या दफ्तरांत असणे इथे नेहमीचे आहे. पवार, शिंदे आणि होळकर या तिन्ही घराण्यांच्या कारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी होती. देवासबद्दल जगाला जे माहीत आहे, ते बहुतांशी थोरल्या पातीच्या महाराजांचे काही काळ खासगी चिटणीस असलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९५३च्या 'द हिल ऑफ देवी'मुळे आणि मनोहर माळगावकरांनी १९६३मध्ये लिहिलेल्या देवास थोरल्या पातीच्या इतिहासामुळे. दोन्ही पुस्तके इंग्रजीत. दोन्ही वाचनीय आहेत, पण त्यांत कुळांचे, पाटलांचे, कमाविसदारांचे देवास शोधू नये. ते जमाबंदीच्या कागदांत आहे, आणि ते वाचणारा माणूस तयार करणे हे इतिहास विभागाचे काम आहे.

मूळ कागद वाचल्याने फरक काय पडतो, याचे उदाहरण माळव्यातल्याच धार जिल्ह्यात आहे. माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा भाऊ दयाबहादूर यांच्या शेवटाविषयी जुन्या इतिहासांत घोळ होता. दयाबहादूर १७३१मध्ये धारजवळ तिरल्याला पडला, असे पुस्तकामागून पुस्तकात छापले जात होते. पेशवे दफ्तरातली पत्रे पुढे आली तेव्हा चित्र बदलले. नोव्हेंबर १७२८मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेऱ्याला लढाई मारली आणि दोघेही भाऊ तिथेच कामास आले. मराठ्यांच्या माळव्यातल्या शिरकावाचा सगळा कालक्रम त्यामुळे मागे सरकला. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड हाताशी आल्यावर सीतामऊचे महाराजकुमार डॉ. रघुवीरसिंह यांना १९३६च्या 'मालवा इन ट्रान्झिशन'मध्ये फारसी आणि मराठी साधने समोरासमोर ठेवता आली. असे असूनही तिरल्याची जुनी हकिगत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत अजून दिसते. छापील पुस्तकावरून छापील प्रकल्प लिहिला की जुनी चूक नव्या पदवीसह पुढे जाते.

आणि लिपी हा पहिलाच अडथळा. त्यानंतर कालगणना येते. कागदावर 'अर्बा सलासीन मया व अलफ' लिहिलेले असते. चार, तीस, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११३४. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, वर्ष मृगापासून धरायचे, तेव्हा १७३३च्या मृगापासून १७३४च्या मृगापर्यंतचा काळ निघतो. माळव्यात काम करणाऱ्याला उत्तरेकडची फसली आणि दख्खनी फसली यांतला दोनेक वर्षांचा फरकही ठाऊक असावा लागतो. नाहीतर एकाच वसुलीची दोन कागदांतली नोंद त्याला दोन वेगळ्या वर्षांची वाटेल आणि तो त्यावरून उत्पन्नाच्या चढउताराचा सिद्धांत मांडेल. संशोधन पद्धतीच्या ४ श्रेयांकांत आपण गृहीतके आणि नमुना निवड शिकवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला लागते ती साधनचिकित्सा, आणि तारीख लावण्याची ही साधी रीतही बहुतेकांना कोणी बसून शिकवलेली नसते.

आता साम्य अहवालाची गोष्ट. एका वाचकाने कळवले की त्यांच्या विद्यार्थिनीने परिशिष्टात पेशवे दफ्तरातली काही पत्रे शब्दशः दिली, खंड आणि लेखांक नोंदवून. संगणकाने ती वाङ्मयचौर्य ठरवली आणि विभागाने परिशिष्ट काढून टाकायला लावले. आयोगाचे २३ जुलै २०१८चे नियम कोणी उघडून पाहिले असते तर ही वेळ आली नसती. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर साम्याच्या मोजणीतून वगळावा, असे त्या नियमांतच लिहिले आहे, आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंडही नाही. नियम सोपा आहे. तो न वाचता आलेल्या आकड्याखाली सही करणारे आपणच आहोत. याच्या उलट, ज्याने घरच्या मोडी कागदाचे लिप्यंतर स्वतः केले त्याच्या मजकुराचे साम्य शून्याजवळ येईल, कारण तो मजकूर जगात दुसरीकडे कुठेच छापलेला नाही. चोरी रोखायचीच असेल तर याहून खात्रीचा उपाय नाही.

काही जण म्हणतील, हे पीएच. डी.चे काम, एम. ए.च्या मुलांवर हा बोजा कशाला. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी एम. फिल. बंद केली. कागद हाताळायला, लिपी शिकायला, मार्गदर्शकाच्या शेजारी बसून वाचायला जो अवधी मिळत असे, तो त्या वर्ष-दीड वर्षात मिळत असे. तो गेला. त्याच नियमांनी चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्याला एम. ए. न करताच पीएच. डी.च्या दारात आणून उभे केले. म्हणजे इतिहासाची उमेदवारी करायची जागा आता एम. ए. एवढीच उरली. ती आपण बांधीव प्रतींनी भरून टाकली तर मराठी कागद वाचणारी पुढची पिढी कुठून येणार? पॅरिसला १८२१पासून चालत आलेल्या एकोल दे शार्त या संस्थेत हस्तलिखिते वाचण्याची विद्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे आणि प्रबंध सादर केल्याशिवाय अभिलेखपालाची पदविका मिळत नाही. फ्रान्सची दफ्तरखाती अशी तयार झालेली माणसे चालवतात. आपल्याकडे पुण्यापासून तंजावरपर्यंत मोडीचे रुमाल भरून पडले आहेत आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके.

शिकवणारे नाहीत, ही तक्रार खरी आहे, पण अर्धवट. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेते, महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालयही प्रशिक्षण देते. विभागात बारा-पंधरा वर्षे नोकरी झालेल्या आणि या काळात एकदाही त्या वर्गाला न बसलेल्या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना मोडी येत नाही म्हणून हळहळू नये. नॅकच्या फायलींसाठी आपण रात्री जागवतो. त्यातल्या काही रात्री शिवकालीन आणि पेशवेकालीन वळणे ओळखायला दिल्या तर मार्गदर्शक म्हणवून घेताना संकोच वाटणार नाही. माळव्यातल्या सहकाऱ्यांना आणखी एक सूचना. राजस्थानी व्यापाऱ्यांची महाजनी आणि मराठी कारभाराची मोडी या वेगळ्या लिप्या आहेत. पेढीचे बाड पाहून 'मोडी आहे' असा शेरा मारून ते बाजूला ठेवू नका. आधी लिपी ठरवा, मग वाचणारा शोधा.

मंत्रालयाकडून किंवा आयोगाकडून नव्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. श्रेयांकांची चौकट वरून आली आहे, त्यात काय भरायचे हे अभ्यासमंडळ ठरवते, आणि अभ्यासमंडळावर या मासिकाचे अनेक वर्गणीदार बसतात. त्यांच्याकडे आमची मागणी स्पष्ट आहे. पुढच्या बैठकीत ठराव आणा की इतिहासाच्या एम. ए.साठी प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक संख्येचे अप्रकाशित कागद वाचावेत, त्यांचे बाळबोध लिप्यंतर करावे, तारखा लावाव्यात, शब्दार्थ आणि टीपा द्याव्यात, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने समोर ठेवलेला एक अनोळखी कागद वाचून दाखवावा. ज्यांचा विषय मराठेशाहीबाहेरचा आहे त्यांनी फारसी, पोर्तुगीज, संस्कृत ताम्रपट, आपापल्या साधनाची भाषा आणि लिपी घ्यावी. ओजेटीच्या ४ श्रेयांकांचे १२० तास होतात. ते तास एखाद्या कार्यालयात हजेरीपट मांडण्यात न घालवता दफ्तरखान्यात, संस्थानी संग्रहात किंवा गावातल्या एखाद्या घराण्याच्या कागदांची यादी करण्यात घालवावेत. घरच्या कागदांना 'अनधिकृत' म्हणणारी अट आजच काढून टाका. तिच्या जागी मालकाची लेखी संमती, कागदांची छायाचित्रे आणि विभागात ठेवायची एक प्रत, एवढे मागा. आणि विषयाच्या मंजुरीआधी साधने पाहायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला विभागप्रमुखाने आपल्या सहीचे पत्र द्यावे, समितीची वाट पाहायला लावू नये.

जिथे जवळ दफ्तर नाही आणि मोडी शिकवणारेही नाही, तिथेही सुरुवात करता येते. पेशवे दफ्तराचा एक खंड ग्रंथालयातून काढा. त्यातली बाळबोधात छापलेली पत्रे विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घ्या, शुहूर सनाचे गणित फळ्यावर सोडवा, 'बिदानंद', 'छ', 'मोर्तबसुद' यांचे अर्थ लावा. पहिल्या सत्रात एवढे झाले तरी दुसऱ्या सत्रात मुलगा मूळ कागदापुढे बिचकत नाही.

टोंकखुर्दच्या आमच्या प्राध्यापक वाचकांना सांगायचे ते असे. त्या मुलाचा प्रकल्प बांधून झाला असेल, त्याचे कागद संपलेले नाहीत. त्यांची छायाचित्रे काढायला लावा, पहिल्या दहा कागदांची यादी करा, आणि आमच्याकडे पाठवा. लिप्यंतर तपासायला जाणकार देण्याची जबाबदारी आमची. काम नीट उतरले तर ते त्याच्या नावाने या मासिकात छापू. देवास, धार, इंदूर, उज्जैन, बडोदे, सागर, ग्वाल्हेर, तंजावर, जिथे जिथे मराठी घरांत असे कागद असतील तिथल्या शिक्षकांनाही हेच निमंत्रण आहे. आणि अभ्यासमंडळावरच्या सभासदांनो, ठराव मांडला की आम्हाला कळवा, तो कोणी अडवला तेही कळवा. मुलांच्या पदवीवर आपल्या सह्या असतात. ज्या विद्यार्थ्याने एकही मूळ कागद वाचलेला नाही, त्याच्या इतिहासाच्या एम. ए.वर यापुढे सही करू नका.